प्रभंजनचे मिस्तरी

सर्व शिल्पांचा आदिकर्ता जो विश्वकर्मा, आणि सर्व नामांच्या पलीकडे असूनही कोणत्याही नावाने हाक मारली तरी ओ देणारा जो नारायण, त्या उभयतांना वंदन करून हे लिहावयास बसलो आहे. निमित्त असे, की काल साखरखेर्ड्यास, त्यांच्या मुलीच्या घरी, आमच्या धाड गावच्या परभंजन मिस्तरींचे वर्षश्राद्ध झाले. पिंडदानाच्या वेळी मृताच्या नावाचा उच्चार करताना माझी जीभ अडखळली. जन्मभर शाळेत संस्कृत शिकवले, उरल्या वेळात पौरोहित्य केले. अशा माणसाची जीभ नावापाशी अडखळत नसते. ती का अडखळली, हे सांगितल्यावाचून मला आता गत्यंतर नाही.

मिस्तरी कोणत्याही मोटारीचे बॉनेट उघडण्यापूर्वी पायातल्या चपला काढून बाजूला ठेवीत. चैत्राच्या उन्हात जमीन तापलेली असो, की खाली तेलाचा चिखल असो, या नियमाला अपवाद नव्हता. बुलढाण्याच्या शाळेत जाण्यासाठी मी रोज त्यांच्या गॅरेजच्या सावलीत एस.टी.ची वाट पाहत उभा राही. एकदा न राहवून विचारले, तेव्हा हातातला पाना न थांबवता ते म्हणाले, "तुमी गाभाऱ्यात पायतान घालून जाता का, गुरुजी?" देवळात बाराखडीसारखा मंत्र म्हणून मोकळे होणारे पुष्कळ पाहिले होते. हाताला ग्रीस फासलेला हा माणूस मात्र आपल्या देवासमोर दरवेळी नव्याने उभा राहत होता.

परभंजन हे त्यांचे नाव नव्हे. 'प्रभंजन' ही एक मोटार होती. एका देशी कारखान्याने आमच्या तारुण्यात काढलेली, लांब नाकाची, रुंद छातीची, सहा सिलिंडरांची. प्रभंजन म्हणजे वादळी वारा, आणि नाव ठेवणाऱ्याने ते विचार करून ठेवले असले पाहिजे. चढावर इतर मोटारी धापा टाकीत. ही गुरगुरत वर जाई. पुढे कारखान्याने ती बंद केली, आणि जिल्ह्यात चालती अशी एकच उरली. ती बुलढाण्याच्या एका वकीलसाहेबांची. ती बंद पडली तेव्हा शहरातल्या सर्व कारागिरांनी हात टेकले, म्हणून वकीलसाहेबांनी बैलजोडी लावून तिला ओढत धाडला आणवली. तीन आठवड्यांनी ती आपल्या पायांनी परत गेली. वकीलसाहेब थकले तेव्हा त्यांनी किल्ली मिस्तरींच्या हातावर ठेवली. म्हणाले, "ही माझं ऐकत नाही. तुझ्याकडेच राहू दे." त्या दिवसापासून गाव मिस्तरींना परभंजन म्हणू लागले. शरीराने ते कपाशीच्या वाळल्या पऱ्हाटीसारखे; त्यामुळे नाव अधिकच शोभले.

त्यांना घाई खपत नसे. कोणी म्हणाला, "मिस्तरी, लवकर करा ना, मले बाजार गाठाचा हाये," तर ते रस्त्याकडे बोट दाखवीत. "थे पाहा, जीप उभी हाये. घाई असंल तं जीपनं जा. इथी गाडी बरी होते, माणूस नाई." मग मान आत घालून तासभर नुसते ऐकत बसत. इंजिनाशी त्यांचे बोलणे चाले, ते घरच्या म्हाताऱ्या माणसाशी चालावे तसे. "काय झालं व माय? काऊन खोकलून राह्यली?"

प्रभंजन त्यांनी भाड्याने कधी दिली नाही. गावातली मुलगी सासरी निघाली, की मात्र ती आपण होऊन मांडवाच्या दाराशी येई. राजूरचा घाट ती तिसऱ्या गिअरमध्ये चढे, आणि आत बसलेली नवरी रडायचे विसरून खिडकीची कड घट्ट धरून बसे. मिस्तरींची स्वतःची लेकही त्याच मोटारीतून साखरखेर्ड्यास गेली.

त्या लेकीला मुलगा झाला, तेव्हाची एक गोष्ट सांगितली पाहिजे. मिस्तरींना मुलगा नव्हता. म्हणून लेकीच्या मनात आले, की बाळाला आपल्या वडिलांचेच नाव ठेवावे. बारशाला मी होतो. मी गंभीरपणे सांगितले, "आजोबा हयात असताना त्यांचे नाव पाळण्यात घालू नये. नाव दुसऱ्याला दिले, म्हणजे पहिल्याचे संपले, असा शास्त्राचा संकेत आहे." बायका चपापल्या. मिस्तरी मात्र खो खो हसले. "मंग थांबा ना बापा! मले काई घाई नाई!" सगळा मांडव हसला. बाळाला दुसरे नाव मिळाले आणि मी माझ्या विद्वत्तेवर संतुष्ट होऊन जेवायला बसलो.

पुढे काही वर्षांनी घाटात प्रभंजनचे हेड तडकले. हेड म्हणजे इंजिनावर बसणारे जड लोखंडी झाकण. ते गेले की इंजिन श्वास धरू शकत नाही. मिस्तरींनी दोनदा तड सांधली, दोनदा ती उघडली. जालन्यापासून अकोल्यापर्यंत भंगाराची आवारे त्यांनी पालथी घातली. तसे हेड कोठेच मिळेना. मोटार गॅरेजात उभी राहिली; ते मात्र रोज तिची धूळ पुसत, रोज थोडे इंजिन हाताने फिरवीत. "गंजू नाई दिलं पायजे," म्हणत. "हेड आलं का उठते ते."

आणि एके सकाळी स्टँडवरचा चहावाला वर्तमानपत्र नाचवीत आला. "ओ परभंजन! तुही म्हातारी नवी नवरी होऊन येऊन राह्यली बे!" कारखान्याने जाहीर केले होते, की प्रभंजन हे गाजलेले नाव नव्या मोटारीच्या रूपाने पुन्हा रस्त्यावर येणार. मिस्तरींनी मला ती बातमी तीनदा वाचावयास लावली. मग म्हणाले, "गुरुजी, नाव आलं म्हंजे सामान बी येईन. सामान आलं म्हंजे हेड येईन." त्यांच्या चेहऱ्यावर असा उजेड मी पूर्वी पाहिला नव्हता.

कारखान्याला पत्र लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. मी आरंभ केला, "आपल्या कुलातील ज्येष्ठ व कीर्तिमान अपत्याच्या प्रकृतीसंबंधी निवेदन करण्यास अत्यंत..." मिस्तरी खांद्यावरून वाकून ऐकत होते. "गुरुजी, हे लगनपत्रिका हाये का? हेड पायजे, एवढं लिवा ना." मी तेवढे लिहिले. महिन्याभराने उत्तर आले. जुन्या मोटारीचे भाग आता होत नाहीत. आपल्या प्रेमाबद्दल आभार. नवी प्रभंजन बुलढाण्यातील विक्रीकेंद्रात पाहण्यास अवश्य यावे. मी खालच्या आवाजात वाचले. मिस्तरींनी त्यातले शेवटचे वाक्य तेवढे धरले. "बलावलं तं हाये ना? पाहून घेऊ."

त्याच विक्रीकेंद्रात विकल्या गेलेल्या पहिल्या मोटारीच्या पूजेचे आमंत्रण मला होते. आम्ही दोघे एस.टी.ने गेलो. मिस्तरींनी धुतलेला पांढरा सदरा घातला होता, आणि मांडीवर कापडात गुंडाळलेले हेडचे गॅस्केट होते. गॅस्केट म्हणजे हेडखाली बसणारा पातळ पत्रा. हेडला जेथे जेथे भोक, तेथे तेथे त्यालाही भोक. नव्या हेडची भोके याच्याशी जुळतात का, एवढेच त्यांना पाहावयाचे होते.

मोटार देखणी होती, हे नाकारता येणार नाही. पुढच्या बाजूस तेच नाव, तीच वळणदार अक्षरे. मिस्तरींनी चपला दाराशी काढल्या आणि तेथल्या तरुण विक्रेत्याला नम्रपणे म्हणाले, "भाऊ, बॉनेट उघडता का जरासं?" त्याने उघडले. आत मऊ गालिचा लावलेला एक रिकामा खोलगट डबा होता.

"इंजिन कोठी हाये?"

"इंजिन नाही काका, बॅटरीवर चालते ही. बॅटरी खाली आहे. इथे सामान ठेवायचं, बॅग वगैरे."

मिस्तरींनी कापड सोडले आणि ते गॅस्केट त्या रिकाम्या जागेवर धरून पाहिले. का धरले, ते त्यांनाही सांगता आले नसते. विक्रेता भला मुलगा होता; त्याला वाटले म्हातारा नाराज झाला. तो म्हणाला, "काका, आवाज ऐका. जुन्या प्रभंजनचाच आवाज घातलाय." त्याने आत हात घालून कळ दाबली, आणि कोठल्यातरी लपवलेल्या कर्ण्यातून तीच गुरगुर उमटली. राजूरचा घाट चढणारी. मिस्तरी डोळे मिटून, मान कलती करून ऐकत राहिले.

"टॅपेट ढिले हायेत हिचे, झडपा टकटक करून राह्यल्या," ते म्हणाले. "ज्याच्या गाडीचा आवाज घेतला, त्याले सांगा भाऊ, कसून घे म्हना."

"काका, ते रेकॉर्डिंग आहे. आता कोण कसणार?"

मिस्तरींनी गॅस्केट पुन्हा कापडात गुंडाळले. मग माझ्याकडे वळले. मी पूजेचे ताट घेऊन उभा होतो, मोटार घेणारे कुटुंब हार घेऊन तिष्ठत होते, कोणीतरी म्हणत होते, "गुरुजी, मुहूर्त चालला." मिस्तरींनी हळूच विचारले, "गुरुजी, तुमी बारशात सांगतलं होतं. नाव दुसऱ्याले देल्लं, म्हंजे पह्यल्याचं संपलं. गाडीले बी तसंच का?"

वाचकहो, येथे एक 'नाही' पुरेसे होते. त्यांचे डोळे तोच शब्द मागत होते, हे मी पाहिले. पण मुहूर्त टळत होता, आणि मी एकदा शास्त्र म्हणून सांगितलेले चारचौघांत मागे घेणे माझ्या जिभेस जमले नाही. मी म्हणालो, "नियम तोच, मिस्तरी."

"हाव," ते म्हणाले. आणि पूजा संपेपर्यंत हात जोडून उभे राहिले. प्रसादही घेतला.

दुसऱ्या दिवशी ते माझ्या ओसरीवर आले. उंबऱ्याबाहेरच बसले. "गुरुजी, तिची तेरवी करा लागंल." मी समजावले, की यंत्राला और्ध्वदेहिक संस्कार नसतात, तसा विधी कोठेही सांगितलेला नाही. "मरन लागू हाये, अन् तेरवी लागू नाई. बरं, ठीक हाये." त्यांनी मला नमस्कार केला आणि निघून गेले.

पुढचे आठ दिवस त्यांनी प्रभंजन उकलली. प्रत्येक भाग रॉकेलने धुतला, पुसला, गोणपाटावर ओळीने मांडला. ज्याला जो उपयोगी, त्याला तो देऊन टाकला. चहावाला सुद्धा त्या दिवसांत थट्टा विसरला. नुसता चहा आणून ठेवी आणि थंड झालेला परत नेई. शेवटी सांगाडा उचलायला भंगारवाला टेम्पो घेऊन आला, तेव्हा मिस्तरी एवढेच म्हणाले, "हळू बे, हळू." गॅरेज बंद झाले. मुलगी येऊन त्यांना साखरखेर्ड्यास घेऊन गेली. नवी मोटार दुरुस्त करता न येणे हे त्यांना सोसले असते. जुनी उठेल ही आशा मी त्यांच्या हातून काढून घेतली होती, आणि त्या हातांना दुसरे काही धरता येत नव्हते.

माझे मन मला खाऊ लागले. मी ग्रंथ काढले. धर्मशास्त्राचे, संस्कारांचे, गुरूंपाशी शिकलेले, नंतर जमवलेले. पाने उलटत बसलो. हयात माणसाचे नाव बालकास दिल्याने पहिल्याचे आयुष्य संपते, असे वचन मला एकाही पोथीत सापडले नाही. ती चार घरांतली रूढी होती. मी लहानपणी कोणा आत्याबाईंच्या तोंडून ती ऐकली असेल. तिच्यावर मी 'शास्त्र' हा शिक्का मारला होता.

मी साखरखेर्ड्यास गेलो. मिस्तरी पडवीत खाटेवर होते. आजार असा नव्हता. जेवण तेवढे कमी होत चालले होते, मुलीने सांगितले. त्यांचे हात प्रथमच स्वच्छ पाहिले, आणि ते मला सहन झाले नाहीत. मी पायाशी बसून म्हणालो, "मिस्तरी, मी चुकलो. शास्त्रात तसे नाही. तिचे काहीच संपले नव्हते."

मला वाटले होते, ते रागावतील. त्यांनी रागवावे, अशी माझी इच्छाही होती. ते माझा हात थोपटत म्हणाले, "होते असं, गुरुजी. पुरं इंजिन खोलल्यावर समजते, का दोष इथी नव्हताच. मिस्तऱ्याइचं बी होते."

महिन्याभरात ते गेले. त्या क्षमेचे मी काय करावे, हे मला अद्याप उमगलेले नाही. जपाला बसतो, पण माळ हातात तशीच राहते. मोटारीची पूजा आता मी करीत नाही; बोलावणे आले की प्रकृतीचे कारण सांगतो. बुलढाण्याच्या रस्त्यावर कधी ती नवी मोटार शेजारून जाते. नाव तेच, आवाज तोच, आणि त्यातले टॅपेट अजून ढिले.

हे वाचणाऱ्या सज्जनहो, नारायण तुमचे व तुमच्या घराचे रक्षण करो. तुमच्या घरी जे जुने, थकलेले, एका लहानशा वस्तूसाठी खोळंबलेले असेल, त्याला ती वस्तू मिळेपर्यंत धीर मिळो. ते संपले असे सांगणारा पंडित तुमच्या दारी न येवो. आणि तुम्हीच तो पंडित असाल, तर तुमच्या जिभेवर नियमाच्या आधी दया येवो. तुमच्या कुळात नांदणारे सर्व जीव आपापल्या नावाने दीर्घकाळ ओ देत राहोत.