पांढऱ्या भिंतीवर हिरवा उजेड

मास्तरांना आपल्या धंद्याची किळस यायला सव्वीस वर्षं लागली. आली ती मात्र एकाच दिवसात, सकाळी साडेदहा ते दुपारी पावणेदोनच्या दरम्यान, आणि तीही सख्ख्या बहिणीच्या लाँड्रीत.

मास्तर कुठल्या शाळेत शिकवत नव्हते. फॅशनचे फोटो काढणाऱ्यांकडे ते फ्लॅश लावत. जुनं गोदाम, कुणाच्या घराचा जिना, पाणी काढून टाकलेला पोहण्याचा तलाव, साहेबांच्या मनात येईल तिथे चार फ्लॅश, स्टँड, वायरींची भेंडोळी आणि जिलेटिनची पिशवी घेऊन हजर व्हायचं. जिलेटिन म्हणजे रंगीत पारदर्शक कागद. फ्लॅशच्या तोंडावर चिकटवला की उजेडाला त्याचा रंग चढतो. मास्तर हे कागद पुठ्ठ्यांमध्ये दाबून, प्रत्येकावर पेन्सिलीने नंबर घालून ठेवत. त्यांची बायको म्हणे, "जगाला रंग लावून येतात, आणि आमच्या स्वयंपाकघरातला दिवा चार महिने लुकलुकतोय!"

या सव्वीस वर्षांत त्यांनी पुष्कळ पाहिलं होतं. पातळ कपड्यांत थंडीने निळ्या पडलेल्या मुली, दोन नंबर लहान बुटांत कोंबलेले पाय, उपाशीपोटी आलेली घेरी. "आपल्याला काय, आपण दिवे लावायचे," असं म्हणून ते आपला डबा उघडत.

नव्या कामासाठी साहेबांना लाँड्री हवी होती. वाफ, मोठी यंत्रं, चादरींचे ढीग. मास्तर आपणहून म्हणाले, "माझ्या थोरल्या बहिणीची आहे की!" म्हणताना त्यांची छाती चार बोटं फुगली होती.

ताईची लाँड्री एका मोठ्या दवाखान्याच्या जिवावर चाले. तिथल्या चादरी, उशांचे अभ्रे, रुग्णांचे अंगरखे, सगळं तिच्याकडे. दवाखान्याची मेट्रन न सांगता येई आणि भिंतीवरून बोट फिरवून ते डोळ्यांसमोर धरून पाही. बोट मळलं की काम गेलं, इतकी साधी गोष्ट. अकरा वर्षांत ते बोट एकदाही मळलं नव्हतं. प्रत्येक चादरीच्या कोपऱ्यावर दवाखान्याची खूण होती, लाल दोऱ्याने विणलेल्या तीन उभ्या रेघा.

आपली जागा मासिकात येणार म्हणून ताईने दोन दिवस काम बंद ठेवलं. फरशी घासली, यंत्रांची पितळी झाकणं चिंच लावून लखलखीत केली आणि मागची भिंत स्वतः शिडीवर चढून पांढरी केली. त्या दिवशी इस्त्रीची साडी नेसून ती दारात उभी होती.

साहेब आत आले आणि त्यांनी कपाळाला हात लावला.

"मास्तर, हे काय? इथे तर जमिनीवर जेवता येईल! मला ओल हवी, बुरशी हवी. कुणी सांगितलं होतं यांना धुवायला?"

"सांगावं लागतं होय?" ताई म्हणाली. "लाँड्री आहे ही."

साहेब हसले. "बरं, असू दे. मास्तर, तुम्ही करा ही जागा रोगट. तुमच्या हातचा मळ आहे तो."

आणि मास्तरांनी केली. कशी करायची ते त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? फ्लॅश जमिनीलगत ठेवला, भिंतीला जवळजवळ खेटून. उजेड असा खालून घासत गेला की ताईच्या ब्रशच्या एकेका फटकाऱ्याची सावली पडली आणि गुळगुळीत भिंतीला खपल्या आल्या. त्यावर शेवाळी हिरवा कागद, आणि त्यावर अर्धा पिवळा. संगणकाच्या पडद्यावर पहिला फोटो उमटला. परवा रंगवलेली भिंत जुन्या जखमेच्या पट्टीसारखी दिसत होती.

"क्या बात है!" साहेबांनी टाळी वाजवली. मास्तरांनी पडद्यावरून नजर काढून घेतली.

मग मॉडेल आली, टाचांचे बूट घालून. तिला धुतलेल्या चादरींच्या ढिगावर चढवलं.

"अगं बाई, बूट तरी काढ," ताई कळवळून म्हणाली. "उद्या आजारी माणसांच्या अंगाखाली जायच्यात त्या."

"मावशी, मला सांगतात तसं करते हो मी," ती मुलगी खाली न बघता पुटपुटली.

"बूट विकायचेत, मावशी, चादरी नाहीत," साहेब म्हणाले. "आणि तुम्ही केस सोडून मागे उभ्या राहता का? थकलेल्या, मळकट वगैरे?"

 ताई पडद्यापाशी गेली, चष्मा लावून वाकली आणि तशीच ताठ झाली.

"अरे, खूण दिसतेय."

खरंच दिसत होती. पुढच्या चादरीच्या कोपऱ्यावर त्या तीन रेघा, हिरवट उजेडात काळ्याभोर. मागे बुरसटलेली भिंत, वर बूट. मेट्रनने हे पान उघडलं की संपलंच.

"साहेब, ती चादर उलटी करा ना."

"हात लावू नका! ती घडीच तर चित्र आहे. आणि त्या खुणेने जागा खरी वाटते."

"नंतर पुसता येते ना म्हणे?"

"येते. पण मला ती हवीय."

ताईने भावाकडे पाहिलं. "तू सांग ना यांना."

मास्तरांनी तोंड उघडलं. नाही म्हणायचं होतं. सामान उचला, निघा इथून, असं म्हणायचं होतं. पण सव्वीस वर्षांची जीभ तिच्या सवयीनेच वळली.

"साहेब, चादरींवर लाल टाकून बघू? हिरव्यापुढे ताजं रक्त सांडल्यासारखं दिसेल."

स्वतःच्याच शब्दांची त्यांना शिसारी आली. साहेबांचे डोळे मात्र चमकले. "लावा, लावा!"

लाल उजेडात पांढरं कापड लाल होतं, आणि लाल दोराही लालच. दोन्ही एक होऊन जातात. मास्तरांनी गडद लाल कागद लावला, हिरवा उजेड चादरींवर सांडू नये म्हणून मध्ये काळा पुठ्ठा उभा केला. फोटो निघाला. खूण नाहीशी झाली होती. त्या जागी, आजाऱ्यांच्या स्वच्छ चादरींवर, कुणीतरी कापल्यासारखा रक्ताचा सडा.

"वाहवा!" साहेब म्हणाले. खूण गेल्याचं त्यांच्या लक्षातही आलं नाही.

पावणेदोनला सगळे गेले. मास्तर मागे राहिले. ताई ढिगातल्या चादरी एकेक करून यंत्रात कोंबत होती, ज्यांना बुटाचा स्पर्शही झाला नव्हता त्यासुद्धा.

"ताई, मी मुद्दाम लाल लावला. खूण आली नाही. मेट्रनला कळायचं नाही कुठली लाँड्री ते."

"कळलं मला ते."

"मग?"

"मेट्रनला नाही कळायचं. पण ती भिंत कुणाची, ते मला माहीत आहे ना. आणि तुलाही होतं."

एक चादर घसरून फरशीवर पडली. मास्तर उचलायला वाकले.

"राहू दे. हात नको लावूस."

तिचा आवाज चढला नव्हता. हात न धुता कुणी कामगार चादरींजवळ आला की ती ज्या सुरात बोले, त्याच सुरात ती बोलली. मास्तर कोपऱ्यातल्या नळाशी गेले. साबणाने कोपरापर्यंत हात धुतले, पुन्हा एकदा धुतले. परत आले तोवर तिने ती चादर आत टाकून यंत्राचं दार लावून घेतलं होतं.