प्रेताचं काम

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकीला नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही आमच्या नाटकात नव्हता म्हणून असेल.

आमची कोथरूडची सोसायटी आता पाडणार आहेत. पुनर्विकास. निम्मी बिऱ्हाडं हलली आणि पार्किंगमध्ये कुणाकुणाच्या गाद्यांचे ढीग पडलेत. त्याच पार्किंगमध्ये वीसेक वर्षांपूर्वी स्कूटरी बाजूला ढकलून आम्ही बायका गणपतीतल्या नाटकाच्या तालमी करायचो. तालीम कमी, पोहे आणि हसणंच जास्त. इतकं हसणं पुन्हा माझ्या वाट्याला आलं नाही.

नाटक नलूने लिहिलं होतं. नलू म्हणजे माझ्या समोरच्या दारातली, माझी जिवाची मैत्रीण. बँकेत नोकरी, घरी सासरे अंथरुणाला खिळलेले, तरी ही पहाटे उठून ओट्यापाशी उभ्यानं लिहायची. पेशवाईतला खून होता. एक कंजूष सावकार जेवणानंतर विडा खातो आणि आडवा होतो. कोतवालाला काही सुधरत नाही. मग वाड्यातल्या तीन बायका तपास हाती घेतात. आता बाहेर पडायचं कसं? तर हळदीकुंकवाच्या निमित्ताने. संशयिताच्या घरी जायचं, कुंकू लावता लावता चौकशी करायची आणि ओटीबरोबर पुरावा घेऊन यायचं. पुरुषांची कामंसुद्धा आम्हीच केली. कोतवाल झालेल्या जोशीबाईंची मिशी दर दोन वाक्यांनी सुटायची आणि त्या ती हाताने दाबून आरोपीला दम भरायच्या.

मला त्या तिघींमधली मोठी व्हायचं होतं. मी तसं धरूनच चालले होते. शाळेत स्नेहसंमेलनं गाजवलेली मी, आणि लेखिका माझी मैत्रीण — दुसरं कोण होणार?

नलूने मला सावकाराचं काम दिलं. म्हणजे प्रेताचं. पहिल्या प्रवेशात विडा खायचा, चुना जास्त झाला म्हणायचं आणि मरायचं. पुढे सबंध अंकभर चादरीखाली पडून राहायचं. ती म्हणाली, इतका वेळ हालचाल न करता फक्त तूच पडून राहशील. सगळ्या हसल्या, मीही हसले. आतून मात्र — कसं सांगू — जळले. शब्द साधा आहे, पण तोच खरा.

शेवट गुप्त होता. शेवटच्या प्रवेशाची तालीम नलू आपल्या घरात दार लावून घ्यायची, त्यातल्या बायकांनाच घेऊन. प्रेताला तिथे काय काम? म्हणून मला शेवट माहीत नाही असंच सगळ्यांना वाटायचं. खरं तर मला तो सगळ्यांच्या आधी कळला होता. लिहून झालं त्याच सकाळी नलू चहाचा कप हातात घेऊन माझ्या दारात आली होती आणि कानाशी लागून एकच शब्द बोलली होती, "आत्याबाई." सावकाराची बहीण, सगळ्यांत मोठ्याने गळा काढणारी. काय आनंद होता तिच्या चेहऱ्यावर.

प्रयोगाच्या आदल्या दिवशी मी गिरणीत दळण घेऊन गेले. पुढे भागवत वहिनी उभ्या. त्यांच्या कानावर घातलेलं संध्याकाळपर्यंत सगळ्या इमारतींत पोचायचं, हे मला ठाऊक नव्हतं का? त्या म्हणाल्या, तुम्ही काय बाई, नुसतं झोपायचं. चिडवलं, एवढंच. आणि मी — गिरणीच्या आवाजात ऐकू जावं म्हणून चांगली मोठ्याने — म्हणाले की मला शेवट माहीत नाही, पण माझा आपला अंदाज, विड्यात विष आत्याबाईनेच घातलं असणार. अंदाज. हा शब्द मी मुद्दाम योजला होता. तोंडातून काही निसटलं नव्हतं.

प्रयोगात आत्याबाईने पहिला हंबरडा फोडला आणि मांडवात खसखस पिकली. मी चादरीखाली. दुसऱ्या रांगेतले एक आजोबा अगदी शांतपणे म्हणाले, "आत्याबाई, विड्यात काय घातलंत ते सांगून टाका, म्हणजे आम्ही जेवायला मोकळे." हशा थांबेचना. नलू विंगेतून संवाद पुरवत होती. तिचा आवाज बारीक होत होत बंदच पडला. तो बंद पडलेला मी ऐकला.

दुसऱ्या दिवशी तिन्ही गुप्तहेर बायका खऱ्या तपासाला लागल्या. हळदीकुंकवाशिवाय, पण तितक्याच हौसेने. या जिन्यातून त्या जिन्यात विचारत विचारत गिरणीपर्यंत पोचल्या. भागवत वहिनी म्हणाल्या, शैलाताई बोलल्या खऱ्या, पण तो बिचारीचा अंदाज. सगळ्या माझ्याकडे वळल्या आणि त्यांनी माझं कौतुक केलं. हिलाच गुप्तहेर करायला हवं होतं म्हणाल्या. मी ते कौतुक घेतलं. नको नको म्हणत घेतलं.

नलू एवढंच म्हणाली, "सहज ओळखू येईल असा शेवट लिहिला. चूक माझीच."

माझं एक वाक्य पुरलं असतं. नलूने मला आधीच सांगितलं होतं — बस. नाही बोलले. पुढच्या वर्षी मंडळी तिच्याकडे नाटक मागायला गेली, तेव्हा आपल्याला रहस्य जमत नाही म्हणाली. तिने पुन्हा काही लिहिलं नाही. आमचा चहा मात्र रोजचा चालू राहिला. तिच्या हातची थालीपिठं मी खात राहिले. दारातली ती सकाळ ती विसरली असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. विसरली असेल?

इमारत पडण्याआधी एकदा सगळ्यांनी जमायचं ठरलं, आणि तरुण मुलींनी ते जुनं नाटक काढलं. नलू आता वारज्याला मुलाकडे असते. ती चक्क हो म्हणाली. मग मला तिचा फोन आला.

"काम तुझं तेच. शेवट बदललाय. विषाचा विडा सावकारानेच लावलेला असतो, मित्रासाठी. मित्राचं कौतुक झालेलं बघवत नाही त्याला. विड्यांची अदलाबदल होते आणि स्वतःच खातो." मग म्हणाली, "तुला सगळ्यांच्या आधी सांगतेय. मागच्यासारखंच."

मी बरं म्हणाले.

या वेळी जुना शेवट माहीत असलेलेच सगळे बसले होते. आत्याबाई रडली की लोक एकमेकांना कोपर मारत होते. शेवटी कोतवालाने माझी चादर काढली. माझ्या कनवटीला विषाची पुडी निघाली, आणि सगळा मांडव गप्प झाला. डोळे मिटून मी ती शांतता ऐकत पडले होते. ती नलूला वीस वर्षांपूर्वी मिळायची होती.

टाळ्या खूप वेळ चालल्या. नंतर विंगेत नलूने माझी चिकटवलेली मिशी हलक्या हाताने सोडवली आणि विचारलं, दुखलं का? मी मान हलवली. तेव्हाही बोलले नाही.

शेवट मी फोडला होता. तो अंदाज नव्हता.