तारेपलीकडची गोदावरी

सकाळी कामावर बसल्यावर आमचं पहिलं काम लाइन तपासण्याचं. मी अमरावतीच्या टेलिफोन कचेरीत ट्रंक ऑपरेटर आहे, म्हणजे परगावचे फोन जोडून देणारी. कानांवर यंत्र चढवायचं, दोरीचं पितळी टोक अकोल्याच्या भोकात खुपसायचं आणि विचारायचं, "अकोला, अमरावती बोलतेय. आवाज येतो का?" गेली कित्येक वर्षं या प्रश्नाला बहुतेक सकाळी एकच आवाज उत्तर देत आला होता. गेले काही दिवस त्या आवाजाची बाई रजेवर होती आणि मार्गशीर्षातल्या त्या सोमवारी एक नवाच आवाज आला, कोवळा आणि जरा घाबरलेला. "येतो," एवढंच म्हणाला. मी विचारलं, "गोदावरीबाई अजून रजेवरच का?" मग ती मुलगी म्हणाली, "बाई, त्या वारल्या. शनिवारी. तुम्हाला कोणी कळवलं नाही?" मी काही बोलणार तेवढ्यात समोरचा दिवा लागला. एका कापसाच्या व्यापाऱ्याला अकोला हवं होतं, तातडीनं. मी जोडून दिलं. सरकीच्या भावावरून दोघांची हमरीतुमरी चालली होती आणि मी वेळ संपल्याची सूचना द्यायची म्हणून ती ऐकत बसले होते…

त्या दिवसापासून माझं चित्त ठिकाणावर नाही. घरी आले की बसते, लगेच उठते, ताटावरून उठते, तलावाला एक फेरी घालते आणि परत घरात शिरते तरी पायात चपला तशाच. आई म्हणते, "एका जागी बस, बाई, रडून घे." बसवतच नाही. कोणाला सांगायचं तरी काय? माझी एक मैत्रीण गेली. दहाअकरा वर्षं रोज बोलत होतो. पण तिला डोळ्यांनी पाहिलं असेल मोजकंच. तिच्या घरचा उंबरा मी तिच्या हयातीत कधी ओलांडला नाही. अशा मैत्रिणीचं सुतक कोण धरतं?

आमचं घर बौद्ध झालं त्याच्या पुढच्या वर्षी मला ही नोकरी लागली. वडील वडाळीच्या तलावावर चौकीदार, त्यामुळे राहायला तलावाच्या काठची दोन खोल्यांची जागा. घरातली मॅट्रिक झालेली मी पहिली. कामावर बसायची ती अंग आखडून. शब्द चुकेल, दोरी चुकेल, सारखी धास्ती. पहिल्याच हिवाळ्यात एका सकाळी लाइन तपासून झाली तरी पलीकडच्या बाईनं दोरी काढली नाही. एकदम विचारलं, "अमरावती, तुमच्याकडं थंडी हाये का वं?" लाइनवर असलं खासगी बोलणं चालत नाही, मोठे बाबू कुठून कान देत असतील काय सांगावं. पण बाजार उघडायला अवकाश होता, दिवे विझलेले होते. मी हळूच म्हटलं, "आहे. तलावातून वाफ निघते सकाळी." तर ती जवळजवळ ओरडलीच, "तलाव हाये? मंग पाखरं असतीन!"

तिथून सुरुवात झाली.

तिचं नाव गोदावरी. माळ्याघरची. अकोल्याबाहेर मोर्णा नदीच्या काठाला त्यांचा वांग्या-मेथीचा मळा, पलीकडे हरभरा. नवऱ्यानं दुसरी केली म्हणून ती माहेरी परत आली आणि रडत न बसता पुस्तकं काढून बसली, परीक्षा दिली, नोकरी मिळवली. हे सगळं मला एकदम नाही कळलं. रोज दोनदोन वाक्यं, अशी ती तुकड्यातुकड्यांनी माझ्याकडे आली. स्वभाव असा की खुर्चीवर टेकणं माहीत नाही. दोरी पुरेल तेवढं उभं राहून, या पायावरून त्या पायावर होत काम करायची आणि त्याबद्दल बोलणी खायची. उन्हाळ्या-पावसाळ्यात आम्ही कामापुरतं बोलायचो. दिवाळी सरली, पहाटे अंगावर काटा यायला लागला की आमच्या गप्पांना ऊत यायचा. मी तलावावर उतरलेल्या बदकांचं सांगायची. नावं दोघींनाही ठाऊक नव्हती, मग आम्हीच ठेवली; डोळ्याभोवती रंग असलेली चष्मेवाली, डोक्यावर तुरा असलेली ती मामलेदारीण. ती हरभऱ्याच्या कडेला आलेल्या काळविटांचं सांगायची. आणि करकोचे! लांब उत्तरेकडून येणारी ती राखाडी, उंच पायांची पाखरं तिच्या मळ्यावरून ओळीनं ओरडत जात. "आज आले वं, कमल! कुर्र कुर्र करत. मी पानी शेंदता शेंदता बादलीच सोडून देल्ली." मध्येच भावजयीनं भाजी खारट केलेली असायची, माझ्या धाकट्या भावाचं गणित राहिलेलं असायचं, तिच्या आईचे गुडघे दुखत असायचे. दिवा लागला की बोलणं अर्ध्यात तुटायचं. उरलेलं दुसऱ्या दिवशी.

दोनतीन हिवाळे असे गेल्यावर संक्रांतीच्या आधी तिनं काढलं की आपण दोघी चिखलदऱ्याला जाऊ, रानगवे पाहू. माझे एक काका तिथं जंगलखात्यात होते, त्यांच्याकडे उतरता आलं असतं. मी हो म्हटलं. तेव्हा तिनं तिच्या सरळ पद्धतीनं विचारलं, "पन मले सांग, तुमी कोन लोक? मायले सांगा लागीन ना, कोनाच्या घरी राहून राहिली ते."

मी म्हटलं, "आम्ही बौद्ध. आधीचं विचारायचं असेल तर तेही सांगते."

तारेचा गूं गूं आवाज तेवढा येत राहिला. बाजूच्या बाईंनी काय झालं म्हणून माझ्याकडे पाहिलं. मग कुणाचा तरी दिवा लागला.

दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "आवाज येतो का?" ती म्हणाली, "येतो," आणि दोरी काढली. तिसऱ्या दिवशीही तेच. आठवडे गेले. मला राग आला, मग रागाचाही कंटाळा आला. अपमान काही नवा नव्हता. पण हा एका अशा आवाजाकडून आला होता ज्याला मी सकाळ उजाडायची वाट पाहत सगळं सांगत होते. तलावावर त्या वर्षी कधी नव्हे इतकी बदकं उतरली होती. मी काठावर उभी राहून पाहायची आणि पाहवायचं नाही. पाहिलेलं कोणाला सांगायचं नसेल तर ते डोळ्यांत नुसतं खुपत राहतं, हे मला तेव्हा कळलं.

मग कडाक्याची लाट आली. अमरावतीत लोक चौकाचौकांत शेकोट्या करून बसले, आमच्या नळाचं पाणी हाताला चावायला लागलं. त्या थंडीत एका सकाळी तिनं दोरी काढली नाही. श्वास ऐकू येत होता. "कमल," ती म्हणाली, "तूर करपली वं सारी थंडीनं. आन् करकोचे अंगाले अंग लावून उभे हायेत नदीत. मी रोज पायतो आन् रोज घरी वापस येतो. मले कोनाले सांगताच येऊन नाई राहिलं." मग एकदम म्हणाली, "रविवारी मी येऊन राहिली तुयाकडं. दार उघडजो. नाईतर नको उघडू, मी बाहेरच उभी राहीन."

रविवारी ती आली. मी तिला उंच, गोरी, तालेवार अशी काहीतरी समजत होते. दारात एक ठेंगणी, काळीसावळी, रापलेल्या चेहऱ्याची बाई, हातात वांग्यांची पिशवी. "कमल?" म्हणाली आणि तो आवाज आमच्या ओसरीत शिरला… आईनं चहा केला. गोदावरीनं कप घेतला आणि ओठाला न लावता बराच वेळ हातातच फिरवत राहिली. आम्हा सगळ्यांना ते दिसत होतं, तिलाही ठाऊक होतं की आम्हाला दिसतंय. तिनं चहा संपवला, कप खाली ठेवला आणि माझ्या आईकडे पाहून म्हणाली, "मावशी, खोटं कायले बोलू. मले सोपं नाई गेलं. लहानपनापासून जे आंगात भरलं ते निघाले टाइम लागला. मायशी भांडून आली मी." आई म्हणाली, "आलीस ना? मग आता जेवूनच जा." जेवणाला अवधी होता आणि तिला बसवत नव्हतं, म्हणून मी तिला तलावावर नेलं. मामलेदारीण कोणती ते तिनं दुरूनच, न विचारता ओळखलं.

तिच्या आईनं मात्र ते मनाला लावून घेतलं होतं. गोदावरी अमरावतीला वर्षाकाठी एखाद्या वेळी यायची. मला अकोल्याला ये असं ती कधी म्हणाली नाही आणि मीही विचारलं नाही. त्या एका गोष्टीला आम्ही वर्षानुवर्षं वळसा घालून जात राहिलो.

चिखलदऱ्याला आम्ही पुढच्या हिवाळ्यात गेलो. परतवाड्यापासून वर चढणाऱ्या मोटारीत ती सारखी या खिडकीतून त्या खिडकीकडे. बाकीचे प्रवासी हसत होते. काकांकडे दोन घोंगड्या अंगावर घेऊनही दात वाजत होते. उजाडता उजाडता आम्ही बाहेर पडलो. धुकं इतकं की पुढे चालणारे काका फक्त खोकल्यावरून कळत. ती त्यांच्या मागे, तिच्या मागे मी. एका वळणावर काकांनी हात आडवा धरला. वाटेवर, अगदी जवळ, एक काळा कडा उभा होता आणि त्यातून वाफ निघत होती. मग कड्यानं मान वळवली. गवा होता. पायात पांढरे मोजे घातल्यासारखे, डोळा निळसर. काका ओठांत पुटपुटले, "हलू नका." आणि गोदावरी, जिचा एक पाय कधी जमिनीवर ठरला नाही, ती जागच्या जागी अशी उभी राहिली की तिच्या पदराचं टोकही हललं नाही. त्या जनावरानं आमच्याकडे पुरेपूर पाहून घेतलं, एक फुत्कार टाकला आणि झाडीत शिरलं. फांद्या मोडल्याचा आवाज लांब लांब गेला. मग ती माझ्याकडे वळली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. म्हणाली, "आता हे सांगू कोनाले वं? तू तं बाजूलेच उभी हायेस!"

आम्ही इतक्या हसलो की काका रागावले.

यंदा करकोचे लवकर आले. त्यांच्यामागे ती अनवाणी धावत गेली, ज्वारी कापलेल्या वावरातून. टाचेत बाभळीचा काटा मोडला, हेही तिनं मला लाइनवर हसतहसतच सांगितलं. बरेच दिवस झाले त्याला, मी विसरूनही गेले होते. मग एका सकाळी तिचा आवाज दाटल्यासारखा आला. "जाभाड अवघडलं, कमल. तोंडच उघडून नाई राहिलं नीट. दाढ सुजली असन." मी म्हटलं, डॉक्टरला दाखव. "दाखोतो ना. तुयाकडं कोन आलं, थे सांग आदी." मी म्हटलं, चष्मेवाल्या आल्यात. तिला हसायचं होतं. ते तिला नीट जमलं नाही.

धनुर्वात होता. जिला क्षणभर थांबता येत नव्हतं तिचं अंग लाकडासारखं ताठलं, खोलीत उजेड आला, भांडं वाजलं तरी झटके यायचे, असं तिच्या भावानं मला नंतर सांगितलं. मी त्यापुढे त्याला बोलू दिलं नाही. रोज तीच कल्पना मनात येते आणि मी उठून चालायला लागते…

त्या भावाचाच फोन आला होता, ती गेल्यानंतर तीनेक आठवड्यांनी. "आई बोलावते तुमाले," म्हणाला. मी पहिल्या गाडीनं गेले. अकोल्याला मी कितीदा हाक मारली असेल, आणि स्टेशनातून बाहेर पडल्यावर उजवीकडे वळायचं की डावीकडे, मला ठाऊक नव्हतं. भाऊ न्यायला आला होता. मळ्यात तिची आई हरभऱ्याच्या बांधावर उभी होती, गुडघ्यांवर हात टेकून. मला पाहून तिनं पदर सारखा केला. "ये," म्हणाली. "इतके वर्सं तिनं तुले आनलं नाई. मीच नाई मनलं होतं." तिनं विहिरीतून पाणी शेंदलं, तांब्या माझ्या हातात दिला. मी घटाघटा प्याले. सगळ्या रस्त्यात मला तहान लागली होती हे मला तेव्हा कळलं.

आम्ही बांधावर बसलो. ऊन कोवळं होतं. नदीच्या बाजूनं आधी आवाज आला, कुर्र कुर्र, आणि मग ते आले. मी इतकी वर्षं कानांनीच ऐकलेले करकोचे, ओळ मोडून, पाय लोंबकळत सोडून, हरभऱ्यात उतरले. म्हातारीच्या शेजारी बांधावर गोफण पडली होती, दगडांचा ढीगही होता. मला वाटलं, आता ती उठणार, गोफण फिरवणार. तिचा हात गोफणीवर गेला आणि तिथंच राहिला.

"मारत नाही?" मी विचारलं.

"मारतो. पन ऊन चढल्यावर," ती म्हणाली. "सकायी नाई मारत. ती कामावर जाची तवर मले मारू नाई द्याची. मने, आये, मले पाहू दे आदी. लय भांडो आमी त्याच्यावरून." ती पाखरांकडे पाहत होती. "आता भांडाले कोनी नाई. तरी हात उठत नाई."

मोठे करकोचे हरभऱ्याचे घाटे फोडत पुढे सरकत होते. म्हातारीनं गोफण उचलली, घडी केली आणि मांडीखाली सारली. ऊन चढेपर्यंत आम्ही दोघी तिथं बसून राहिलो.