राजाचा राहून गेलेला सीन

रहीमभाई गेल्याची बातमी आली तवा मी सावली गावच्या बसस्टँडवर कंडक्टरची नक्कल करून राह्यलो होतो. भोवती लोकं पोट धरून हासत होते. समोरच्या एसटीडीवाल्यानं हाक मारली, ब्रह्मपुरीहून फोन हाय म्हणे. फोन ठेवला, बाहेर आलो अन् पायरीवर बसून रडाले लागलो. लोकं आणखी जोरात हासले. एक जण म्हणे, "वा बे पिंट्या! आता हे कोणाची नक्कल व्हय?" ...नकलाकाराचं खरं रडणंही असं फुकटात जाते.

आता महिना होऊन गेला. रहीमभाई आमच्या ब्रह्मपुरीचे ड्रेपरीवाले, म्हणजे नाटकाचे कपडे शिवणारे. इकडे झाडीपट्टीत धान निघालं का गावोगावी मंडई भरते, अन् मंडई म्हटली का रातभर नाटक. त्या नाटकाईतले झगे, मुकुट, शेले, सब रहीमभाईच्या मशिनीवरचं. आवाज असा खर्जातला का राजाचं कामही त्याईलेच भेटे. मी कंपनीतला विनोदी नट. एक डाव त्याईच्यासमोरच त्याईची नक्कल केली. मले वाटलं चप्पल येते आता. तर म्हणे, "आवाज माह्या चोरला, पण श्वास तुह्याच हाय. चोरी कराची तर पुरी कर ना बे!"

मंग कधीतरी नागपूरच्या कॉलेजच्या पोराईनं स्पर्धेसाठी एक ग्रीक नाटक बसवलं. कपडे रहीमभाईचे. सुईदोरा घेऊन विंगेत उभे होते, अन् वापस आले ते नाटकाची झेरॉक्स बगलेत मारूनच. दुकानात बसवून मले कहानी सांगतली. "पाय, राजा हुकूम सोडते का या मुर्द्याले कोणी माती द्याची नाई. मुर्द्याची बहीण म्हणते, मी देतो. अन् देते. राजा तिले जित्ती गुहेत कोंडते. ते जीव देते, तिच्यापाई राजाचा पोरगा जाते, पोरापाई राणी जाते. राजा एकटा उरते, अन् तवा त्याले समजते. तो शेवटचा सीन मले एक डाव कराचा हाय, पिंट्या. बाकी नाटक त्याच्यासाठीच समज."

"अन् डान्स?"

"डान्स नाई."

"अन् मी?"

"तू पहारेकरी. हासवजो, पण लोकाईचं पोट भरू देऊ नको."

नाटक कंपन्याईचे ऑफिस वडशाले, रहीमभाई सबईकडे फिरले. समद्याईनं हात जोडले. एका मोठ्या मालकानं तर तोंडावर सांगतलं, "भाऊ, अडीच हजार वर्षं जुना माल हाय, वास मारन." शेवटी आरमोरीकडचं वैनगंगेच्या काठचं एक गाव भेटलं, मासे धरणाऱ्या ढिवराईचं. त्याईच्या ठरलेल्या कंपनीचा हिरो कावीळ होऊन पडला होता, म्हणून आमाले बोलावलं.

काय रंगलं नाटक म्हणून सांगू! डान्स नाई, तरी कोणी जागचं हाललं नाई. बहिणीचं काम करणारी आमची शोभा मूठभर माती घेऊन मुर्द्याजवळ आली. मुर्दा म्हणजे बबन, चादर घेऊन पडलेला. तिनं माती टाकली... अन् समोर बसलेली एक म्हातारी उठली. मंडपातलीच मूठभर माती घेतली, स्टेजवर चढली, अन् बबनच्या अंगावर टाकली. तिच्या पोराले नदीनं नेलं होतं, अंग काई सापडलं नाई, हे आमाले मागून समजलं. पण गावाले तर ठाऊक होतं ना. अन् इकडे रीत अशी का माती देणं सुरू झालं तर कोणी बसून राह्यत नाई. तिच्या मागं दुसरी उठली, मंग बाप्ये उठले, मंग अख्खा मंडप रांगेनं स्टेजवर! बबन्या चादरीखालून कुजबुजते, "पिंट्या, नाकात गेली बे." मी पहारेकरी, हातात भाला, कोणाले अडवू?

रहीमभाई राजा. कोणी माती द्याची नाई असा हुकूम आत्ताच ओरडून सांगतलेला.  त्याईनं मुकुट काढून बगलेत घेतला अन् लोकाईले वाट देऊन बाजूले उभे राह्यले.

आता माती देल्यावर आंघोळ केल्याबिगर घरी जाता येत नाई. म्हणून स्टेजवरून उतरलेला एकही माणूस वापस जागेवर बसला नाई. सब गाव थंडीत कुडकुडत बोडीवर, गावच्या तळ्यावर, आंघोळीले गेलं. रिकाम्या मंडपात मंडईचा अध्यक्ष माइकवर बोंबलत होता, "अरे नाटक हाय, मयत नोहे! बसा ना!" कोणी ऐकते? अर्धंच नाटक झालं होतं. शेवटच्या सीनची पाळीच आली नाई.

जीपमधी रहीमभाई म्हणे, "नाटक पुरं झालं नाई, पण असं पाह्यलं कोणी कधी?" लय खूश होते. त्याईले काय मालूम, वडशाले आपल्या आधी बात पोचते. त्या मालकानंच पसरवलं, "रहीमनं मंडईच्या दिवशी गावाले सुतक लावलं." नाव पडलं मयतवाला. पुढं कोणी ते नाटक घेतलं नाई. राजाचं कामही हळूहळू बंद झालं. बायका चौकात माह्याजवळ कंडक्टरची नक्कल मागत, पोलिसाची मागत. रहीमभाईच्या दुकानापुढून जाताना मात्र झपझप पाय उचलत.

अन् आता शोकसभा! तोच मालक फोटोले हार घालून म्हणे, "रहीमभाईनं झाडीपट्टीले जगाचं नाटक देलं." टाळ्या पडल्या. शोकसभेत, हो. खाली उतरून माह्या खांद्यावर हात ठेवला, "यंदा आपण ते नाटक काढू. चार डान्स टाकू. शेवटी राजाले दया येते अन् बहिणीचं लगन लागते. तू मुर्दा. मधातच उठून बसजो, लोकं मरतीन हासून." मी त्या मालकाच्याच आवाजात म्हटलं, "भाऊ, वास मारन." हासला. त्याले आठवतही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्याचा माणूस राजदूत फटफटी घेऊन नाटकाचे कागद न्याले दुकानावर आला. रहीमभाईच्या बायकोनं, भाभीनं, त्याले बाहेर थांबवलं, मले आत बोलावलं. मशिनीवर राजाचा काळा झगा पडून होता. दर दिवाळीले रहीमभाई तो उसवून आपल्या अंगाच्या मापाचा करत, कोणी बोलावलं तर तयार असावा म्हणून. बिमारीत शिवण इतकी आत घेतली होती का मी अंगात घातला तर मले, काडी पहेलवानाले, बरोबर बसला.

भाभी खाटेवर बसली. "वो आखरी का सीन कर के बता. उनकी आवाज में. मैंने तो देखाच नै."

केला. भर दुपारी, कपड्याईच्या ढिगात उभा राहून. राजाचा पोरगा गेला, राणी गेली, राजा उरला. पुरा केला, पडद्यापर्यंत.

भाभी म्हणे, "बस? इतनाच था?"

"इतकाच, भाभी."

"तो इसमें नै करने देने जैसा क्या था रे?"

 मी झगा उतरवून मशिनीवर ठेवला. बाहेर राजदूतचा हॉर्न वाजला. भाभी उठली, कागद गादीखाली सरकवले अन् दाराकडं तोंड करून म्हणे, "उसको बोल, खाना खा के जा. कागज नै मिलते."