मामांचं घंगाळ

माझ्या बायकोच्या मामांइतका साबण साऱ्या बोरिवलीत कोणी झिजवला नसेल, आणि माणसंही त्यांच्याइतकी कोणी झिजवली नसतील. साबणाचं दुःख मला ठाऊक नाही. झिजलेल्या माणसांपैकी मी एक, म्हणून माझ्यापुरतं सांगतो. मामा आमच्याकडे आले ते दोन महिन्यांसाठी. 'बोटीची नोकरी सोडली, मालवणला जाण्याआधी जरा टेकतो,' असं त्यांचं पत्र होतं. वाडीतल्या आमच्या घराच्या जिन्याखालची खोली रिकामी होती. तिथं ते टेकले आणि नऊ वर्षं टेकून राहिले. सोबत एक पत्र्याची ट्रंक, एक जाळीचं कपाट आणि एक तांब्याचं घंगाळ होतं. ट्रंक खोलीत गेली, कपाट खोलीत गेलं, आणि घंगाळ बाहेर जिन्याच्या पहिल्या पायरीशी येऊन बसलं. त्या दिवसापासून मी माझ्या स्वतःच्या घरात हात धुतल्याशिवाय कधी शिरलो नाही.

मुंबईहून मोंबासाला जाणाऱ्या उतारूंच्या बोटीवर, तिथल्या डॉक्टरांच्या हाताखाली, मामांनी उभा जन्म कंपाउंडरी केली होती. डॉक्टर बदलत, कप्तान बदलत, मामा तेच. बोटीवर रोगाची साथ पसरू द्यायची नाही, हे त्यांचं काम, आणि जमिनीवर पाय ठेवल्यावरही ते संपलं आहे असं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. "जावयबापू, बोट म्हणजे काय? हजार माणसां एका डब्यात घातलेली. आज एकाचा पोट बिघाडला काय चौथ्या दिसाक शंभरांचा बिघाडता. आणि माणूस उतरान जातलो खंय?" असं ते मला पहिल्याच आठवड्यात म्हणाले. मी म्हटलं, "मामा, ही बोरिवली आहे. इथून माणूस उतरून कुठंही जाऊ शकतो." त्यांनी माझ्याकडे फार कीव आल्यासारखं पाहिलं. त्यांच्या लेखी आमचं घर ही नांगरलेली बोट होती, आणि संध्याकाळी कचेरीतून परतणारा मी म्हणजे कुठल्यातरी संशयास्पद बंदरात चढलेला उतारू. दिवसभर साहेबाची बोलणी खाऊन, पायांचे तुकडे पडलेले असताना, मी जिन्याशी येई तेव्हा मामा स्टुलावर बसलेले असत. घंगाळात पाणी, शेजारी लाल कार्बोलिक साबण. मी हात धुवायचे, ते मनाशी काहीतरी मोजायचे. मग मी दोन्ही हात पुढे करायचे. ते उलटेपालटे करून, नखं बघून, शेवटी म्हणायचे, "जावा वर." या दोन शब्दांची मी नऊ वर्षं वाट पाहिली आहे. कधी कधी ते "परत" एवढंच म्हणत, आणि मग माझ्या डोळ्यांत पाणी यायचंच काय ते बाकी राही.

जिन्याचा लाकडी कठडा ते सकाळ-संध्याकाळ फिनेलच्या फडक्यानं पुसत. बोटीवर म्हणे दर दोन तासांनी पुसत, कारण हजार हात त्यालाच लागतात. आमच्या कठड्याला जेमतेम दहा हात लागत, पण वर्षभरात त्याचा रंग उडाला, मग लाकूड पांढरं पडलं, आणि आमच्याकडे येऊन गेलेला पाहुणा घरी परतल्यावर त्याच्या बायकोला तो कुठून आला हे सांगावं लागत नसे. वाडीच्या विहिरीत ते स्वतःच्या हातानं लाल औषध टाकत. एकदा माप चुकलं आणि पाणी जांभळाच्या रसासारखं झालं. शेजारचे जोशीबुवा पहाटे आंघोळ करून पूजेला निघाले, ते उजेडात आल्यावर धोतरासकट गुलाबी दिसले. बुवा आठवडाभर मामांशी बोलले नाहीत. मामा म्हणाले, "बुवा गुलाबी झालो, पण आजारी पडलो नाय."

माणूस भेटला की लोक पाऊसपाणी विचारतात. मामा पोट विचारत. "पोट बरां आसा मां?" हा त्यांचा रामराम. पोस्टमनला, भाजीवालीला, माझ्या कचेरीतल्या हेडक्लार्कला, सगळ्यांना सारखाच. आणि कुठं पूजा असो, बारसं असो, पंगत उठायच्या आत मामा झाकणाच्या वाट्या घेऊन आचाऱ्यापाशी हजर. प्रत्येक पदार्थाचा घास घासभर नमुना घ्यायचा, आपल्या जाळीच्या कपाटात दोन दिवस ठेवायचा, कोणी आजारी पडलं तर कशानं पडलं ते डॉक्टरला दाखवता यावं म्हणून. ही बोटीवरची रीत. वाडीतल्या बायकांना वाटे म्हातारा खादाड आहे आणि दुसऱ्या दिवसाची सोय करून ठेवतो. मी कुणाकुणाला समजावून सांगणार? सोडून दिलं.

आमच्या मुलाला गोवर आला तेव्हाची गोष्ट तर मी विसरूच शकत नाही. मामांनी त्याची खाट वेगळ्या खोलीत लावली, आणि बोटीच्या रिवाजाप्रमाणे, इथं आजार आहे, कोणी जवळ येऊ नका, अशी खूण म्हणून दारावर पिवळंधमक फडकं टांगलं. आता मोंबासाच्या बंदरात पिवळं निशाण पाहून माणसं लांब राहत असतील. आमच्या वाडीतल्या बायकांनी दारावर हळदीच्या रंगाचं वस्त्र पाहिलं आणि घरात माय, म्हणजे गोवराची देवी, आली असं समजून त्या ओटी घेऊन दर्शनाला आल्या. दुपारपर्यंत मुलाच्या खाटेभोवती वीस बायका, अकरा लेकरं, नारळ, दहीभात आणि उदबत्तीचा धूर. मामा बाहेरून आले आणि दारातच मटकन खाली बसले. "जल्मात अशी साथ बघूक नाय," म्हणाले, "जी पसरवूक मीच बावटो लावलंय." पुढच्या पंधरवड्यात त्या अकरांपैकी सात लेकरांना गोवर आला. मामा रोज सातही घरी जात, लेकरांचं अंग पुसत. बायका म्हणत, मामांवर मायेची कृपा आहे.

हे सगळं मी सोसलं. पण माझ्या मेहुणीच्या, कुमुदच्या लग्नात जे झालं ते अजून माझ्या मनातून गेलेलं नाही. सासूसासरे लवकर गेलेले, कुमुद आमच्याकडेच वाढलेली. मामांची ती फार लाडकी. ते तिला "गो बाय" शिवाय हाक मारत नसत. तिची दोन ठिकाणं ठरता ठरता मोडली होती, वय वाढत होतं, आणि घरात कोणी ते बोलून दाखवत नसलं तरी तिसरं मोडलं तर पोर पुन्हा उभी राहायची नाही हे आम्ही सगळे जाणून होतो. तिसरं स्थळ घाटकोपरचं. मुलगा सरळ, बाप तिखट. बघण्याच्या कार्यक्रमात मामांनी त्या बापालाच विचारलं, "गेल्या पंधरा दिवसांत आपणांस जुलाब वगैरे?" तिथंच मोडायचं, पण पोरानं हसून वेळ निभावली. बापानं जाताना एवढंच सांगितलं, "आम्हांला काही नको. जेवण मात्र नीट हवं. आमच्याकडे श्रीखंडाशिवाय लग्न लागत नाही."

लग्नाच्या दिवशी सकाळी आठच्या सुमारास मामा मला मांडवातून ओढत मागच्या चुलाणाकडे घेऊन गेले. आचारी बाबल, मामांच्या गावचा, त्यांनीच आणलेला. तो भिंतीला टेकून बसला होता, चेहरा पांढराफटक. शेजारी श्रीखंडाची दोन मोठी पातेली, केशर घातलेली, तयार.

"पहाटेपासून सात वेळा परसाक जावन इलो हा," मामा म्हणाले. "आणि चक्को ह्यानंच हातान घोटलो."

बाबलनं माझे पाय धरले. "भाऊ, कोणाक सांगू नका. नाव गेला तर माका कोण कामाक बोलवतलो नाय."

मी फार थकलो होतो. महिनाभर झोप नव्हती. मी मामांना म्हटलं, "मामा, आजचा एक दिवस गप्प बसा. पोरीचं लग्न लागू दे. तुमच्या पाया पडतो."

मामा गप्प बसले नाहीत. पण आवाजही चढवला नाही. चुलाणाकडे बघत म्हणाले, "एकदा बसलंय गप्प. बोटीवर. असोच एक गाववालो, भटारखान्यातलो. असोच पाय धरून रडलो. मी डॉक्टराक सांगूक नाय. पाचव्या दिवशी एक चेडू गेला, सा वर्षांची पोर. त्येका कापडात गुंडाळून समुद्रात सोडला तेव्हा मीच धरलेलंय. ता वजन अजून हातात आसा." त्यांनी हात पुढे केले, मी रोज पुढे करतो तसेच. "हे हात कितीवेळा धुवू, सांगा."

एका पातेल्याला मामांनी हात घातला, दुसऱ्याला मी. परसातल्या खड्ड्यात श्रीखंड ओतलं, वर कोणी चाखू नये म्हणून मामांनी फिनेलची बाटली रिकामी केली. कोशिंबीर गेली, चटणी गेली, मठ्ठा गेला. बाबलला मामांच्या खोलीत निजवला, त्याच्या हाताखालच्या माणसांना मामांनी हात धुवायला घंगाळाशी उभं केलं, आणि चुलाणावर नव्यानं वरणभात, बटाट्याची भाजी आणि शिरा चढला. "चुलीवरसून उतारला काय थेट पानात," एवढाच हुकूम.

लग्न लागलं. पंगत बसली. वरबापानं पान बघितलं, डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं आणि विचारलं, "श्रीखंड?" मी तोंड उघडणार तेवढ्यात मामा पुढे झाले. हात जोडून, अगदी शुद्ध मराठीत म्हणाले, "माझ्या हातून त्यात फिनेल सांडलं. म्हातारा झालो, हात थरथरतात. शिक्षा मला करा, पोरीला नको."

यावर अविश्वास दाखवावा असं बोरिवलीत कोणालाच वाटलं नाही. फिनेल आणि मामा! वरबाप पानावरून उठला. सारी पंगत हात आवरून बसली. कुमुद नवऱ्याशेजारी बसली होती. तिचा चेहरा मी पाहिला आणि मान खाली घातली. मग नवऱ्यानंच वरणभात कालवला, पहिला घास घेतला आणि म्हणाला, "बाबा, गरम आहे, बसा." बाप बसला. लग्न मोडलं नाही.

मामांनी त्या वरणभाताचाही नमुना ठेवला. दोन दिवस कपाटासमोर बसून होते. तिसऱ्या दिवशी जिना चढून वर आले. "घाटकोपराक सगळी बरी आसत मां?" मी म्हटलं, "सगळी ठणठणीत." ते खाली गेले आणि वाट्या घासायला बसले. बाबलही दोन दिवसांत बरा झाला. काय झालं होतं कोण जाणे, साधं अजीर्णही असेल. श्रीखंड खाऊन कोणाला काही झालंच असतं असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. काही झालं नाही, एवढंच खरं.

कुमुदला सासरी पुढे कितीतरी वर्षं 'फिनेलवाल्यांची' म्हणत. तिनं मामांशी बोलणं टाकलं. मी खरं सांगायला निघालो की मामा बाबलच्या पोटापाण्याची शपथ घालत. तीन वर्षं ती माहेरपणाला येई, घंगाळाकडे न बघता, हात न धुता, तरातरा जिना चढून जाई. मामा स्टुलावरून उठत, तिच्यामागून कठडा पुसत. मला ते बघवत नसे. तरी मी गप्प बसलो.

मामा गेले ते झोपेत, कोणाला काही करायला न लावता. तेराव्याला कुमुद आली. बाबल मागच्या चुलाणावर स्वयंपाक करत होता, म्हणून मी तिला जिन्यातच गाठलं आणि हळू आवाजात सगळं सांगितलं. बाबल, श्रीखंड, ते बोटीवरचं चेडू. तिनं पुरतं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "हे तुम्ही मला आत्ता सांगताय, भाऊजी?"

मी बाजूला होऊन तिला वाट दिली.

ती खाली उतरली. घंगाळ पायरीशीच होतं, कोरडं. तिनं विहिरीवरून पाणी आणून ते भरलं. साबणाला तेरा दिवसांत भेगा पडल्या होत्या. ती हात धूत राहिली, कितीतरी वेळ. मग माझ्यासमोर उभी राहिली आणि तिनं दोन्ही हात पुढे केले. ओले. मी ते उलटेपालटे करून पाहिले, नखं पाहिली.

"जावा वर," मी म्हटलं.