मेलेल्या शेळीचा डबा

सर्व संबंधितांस, आणि ज्यांचा काडीचाही संबंध नाही अशा तमाम जनतेस, अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की मी, राहणार सातारा, वय पन्नाशीच्या जरा अलीकडे, धंदा जाहिराती करणे, माझ्या आयुष्यातलं एकुलतं एक पहिलं बक्षीस आज जाहीररीत्या परत करीत आहे. बक्षीस म्हणजे एक पितळी ढाल. गेली पंचवीस-एक वर्षं ती आमच्या बैठकीत, पाहुण्यांची नजर पहिल्यांदा जाईल अशा जागी टांगलेली होती. पाहुण्याची नजर गेली नाहीच, तर मी खाकरत असे. काल ती मी खाली उतरवली, चिंच लावून घासली आणि वर्तमानपत्रात गुंडाळली. ती जिची आहे तिला द्यायची आहे. तिचं नाव पार्वती माने, गाव पलूस.

पार्वती मानेला मी पहिल्यांदा पाहिलं ते सांगलीला, कमर्शियल आर्टच्या डिप्लोमाच्या पहिल्या वर्षी. सत्तरचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. वर्गात आम्ही सोळा मुलगे आणि ही एक मुलगी. दिवाळीनंतर मी साताऱ्याहून पेढे नेले होते. सगळ्यांनी एकेक उचलला. मानेबाईंनी पेढा बाजूला ठेवला आणि खोका हातात घेतला. उलटा केला, सुतळीची गाठ पाहिली, झाकण दोनदा काढलं, दोनदा लावलं. मग माझ्याकडे असं पाहिलं की जणू खोका मीच बनवला होता.

"ह्यो कुनी केलाय?"

"पेढेवाल्यानं."

"त्यानं सवता कवा उघडून बघितलाय का? झाकण काढताना वरची ओळ चेंगारती. पेढ्यासाठी खोका, का खोक्यासाठी पेढे?"

आणि मग तिनं पेढा खाल्ला. चांगला आहे वगैरे काही म्हणाली नाही.

ही तिची सवय वडिलांकडून आलेली होती. तात्या माने फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. दर रविवारी सकाळी घरातला प्रत्येक तांब्या, प्रत्येक विळा अंगणात मांडून ते त्याचा मुआयना, म्हणजे फौजी तपासणी, करीत. पार्वतीनं तो मुआयना अख्ख्या सांगलीचा चालवला होता. नळाची तोटी, दवाखान्यातला बाक, शाईच्या बाटलीचं बूच, कशाचीही सुटका नव्हती. रागावली नसेल तेव्हा ती आमच्यासारखंच छापील बोलायची. रागावली की पलूस बाहेर यायचं. त्यामुळे आम्ही तिला छापील बोलताना फारसं ऐकलंच नाही. कॉलेजचा सूचनाफलक इतका उंच होता की खालच्या दोन ओळींपलीकडे तिला काही दिसत नसे. तिनं प्राचार्यांना अर्ज दिला. प्राचार्य म्हणाले, "मिस माने, टाचा वर करून वाचत जा." ही म्हणाली, "सर, टाचा आमी करतो. पर फलक कुनासाठी लावलाय त्ये एकदा तुमी सांगा." आठवड्याभरात फलक वीतभर खाली आला. प्राचार्यांना मात्र नंतर तो वाचायला वाकावं लागे आणि दर वाकण्यासोबत ते तिच्याकडे रागानं बघत.

"कुनासाठी?" हा एकच प्रश्न तिच्याकडे होता. तुमच्या चित्राचे रंग, मांडणी, अक्षरं याबद्दल ती चकार शब्द काढत नसे. पाठीमागे येऊन उभी राहायची आणि म्हणायची, "सातारकर, झ्याक हाय. पर कुनासाठी?" मला तिचा विलक्षण राग यायचा. झकास चित्राला कुणाचीही गरज नसते, असं माझं तेव्हा ठाम मत होतं.

शेवटचं वर्ष म्हणजे गाढवाचं वर्ष. पोस्टर, कॅलेंडर, पुस्तकांची मुखपृष्ठं, अक्षरलेखनाचे बारा कागद, आणि सगळं मार्चच्या आत. बोटांचा रंग जेवतानाही जात नसे. आमची आमटी कधी निळी असे, कधी जांभळी. पार्वती रोज पलूसहून येऊन-जाऊन हे करायची आणि तिच्या डोक्यावर एक वेगळंच ओझं होतं. तात्यांनी तिला भावकीचा विरोध पत्करून शिकायला पाठवलं होतं, पण फौजी शिस्तीत एक अट घालूनच. "एक चान्स. नापास झालीस तर परत भरती न्हाई. गप घरी यायचं, आन् आमी बघू त्या पोराच्या गळ्यात माळ घालायची." पोरगा बघून ठेवलेलाच होता. ऊस भरपूर होता त्याचा, पार्वतीच्या शब्दांत सांगायचं तर "उसाइतकाच बोलतो."

त्या वर्षीच्या शेवटच्या कामाचा विषय प्राचार्यांनी जाहीर केला: पिकांवर फवारायच्या औषधाचा डबा. कीटकनाशकं तेव्हा आमच्याकडे नुकतीच घरोघर येऊ लागली होती. बाहेरचे परीक्षक मुंबईहून येणार होते, पहिल्याला ढाल मिळणार होती आणि या एका विषयात नापास तो वर्षात नापास. आम्ही सगळे तुटून पडलो. मी लक्ष्मी काढली. हिरवंगार लुगडं, कमरेवर घागर, घागरीतून धान्य सांडतंय, मागे सूर्य. पिवळा रंग असा लागला होता की डब्याजवळ हात नेला तर ऊब लागावी. खाली, नियम म्हणून, बारीक लाल अक्षरांत 'विषारी' असं लिहिलं. लक्ष्मीच्या पावलांना अडचण होणार नाही इतकं बारीक.

पार्वतीनं पंधरा दिवस ब्रश उचलला नाही. मी चिडवलं, "काय माने, डबा सुचेना का?"

ती म्हणाली, "सातारकर, आमच्या चुलतीनं असल्याच एका डब्यात गोडंतेल ठेवलं हुतं. धुवून, घासून. डबा लय देखणा हुता. माझी चुलतबहीण सा वर्साची हुती. गेली ती." मग म्हणाली, "चुलतीला सगळं गाव बोललं. डबा करणाऱ्याला कुनी बोललं न्हाई."

मी पाणी प्यायला निघून गेलो. दुसरं काय करणार.

मग तिनं एक योजना काढली. आम्ही सहा जणांनी पत्र्याच्या कारागिराकडून कोरे डबे आणून त्यांवर आपापली चित्रं चिकटवली होती. ते तिनं मागून घेतले. तिचा स्वतःचा डबाही त्यात होता: काळा, त्यावर पांढरी कवटी आणि दोन हाडं. पुस्तकात असते तशी, सरळसोट. एका रविवारी तिनं हे डबे पलूसला पिठाच्या गिरणीबाहेरच्या कट्ट्यावर ओळीनं मांडले आणि मला समोर तात्यांच्या ओसरीत बसवलं. "गप बसायचं आन् बघायचं," म्हणाली. तात्याही आमच्याबरोबर पाठ ताठ करून बसले.

पंधरा मिनिटांत माझी लक्ष्मी गेली. मला खरं सांगायचं तर गुदगुल्या झाल्या. एका म्हातारीनं तो डबा उचलला, पदरानं पुसला आणि छातीशी धरला. पार्वती उठून तिच्याकडे गेली, मीही मागोमाग.

"आवं मावशी, डबा कशाला घेताय?"

"टाकल्यालाच हाय न्हवं? तेलाला हुईल. लक्षुमी हाय बघ त्येच्यावर."

"औषधाचा हाय त्यो. फवारायच्या."

"मग काय झालं? राखंनं घासून घीन की."

पाठोपाठ एक तरणी बाई आली. तिनं बाकीचे चार डबे पाहिले आणि उचलला तो नेमका कवटीचा. पार्वतीचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

"वैनी, ह्यो भेसूर डबा कशाला?"

"दुधाला," ती बाई म्हणाली. "आमच्या म्हशीला लय नजर लागती बाई. असलं वंगाळ तोंड दारात असलं की नजर हुबी राहत न्हाई." आणि समोरच्या नव्या घराकडे बोट केलं. तिथं दारावर, दृष्ट लागू नये म्हणून, जीभ काढलेलं राक्षसाचं तोंड टांगलेलं होतं. आमच्याकडे सगळीकडेच टांगतात. पुस्तकातली कवटी पलूसला येऊन राखणदार झाली होती.

मी पोट धरून हसलो. तात्या म्हणाले, "पारू, तुझी चौकी तर दुश्मनालाच मिळाली."

पार्वती हसली नाही. तिचे कान लाल झाले होते. दोघींच्याही मागे जाऊन, हातापाया पडून, तिनं डबे परत आणले आणि कवटी नखांनी खरवडून काढली. "पुस्तकात बघून काडली," ती स्वतःवरच फणकारली. "मी बी तुमच्यातलीच निघाले, सातारकर. कुनासाठी त्ये इचारलंच न्हाई."

पुढचे दोन रविवार ती नवे डबे मांडत राहिली. साप काढला, तो नागोबा झाला आणि त्याला कुणीतरी हळदकुंकू लावलं. रडणारं मूल काढलं, तर म्हाताऱ्यांनी विचारलं, "पोरगं कुनाचं?" शेवटी एका रविवारी कट्ट्यावर जो डबा आला त्यावर फक्त एक शेळी होती. मेलेली. आडवी पडलेली, पोट फुगलेलं, चारी पाय काठीसारखे ताठ, जीभ बाहेर. खाली पालथी वाटी. रंग मातकट. एक अक्षर नव्हतं आणि लागतही नव्हतं. पिठाचे डबे घेऊन आलेल्या बायकांनी तो पाहिला आणि कट्ट्याचं ते टोक सोडून सगळ्या दुसऱ्या टोकाला सरकल्या. तीच ती म्हशीवाली बाई आली, तिनं पदर नाकाला लावला आणि गिरणीवाल्याला म्हणाली, "काय खाल्लं वं हिनं? काडा त्यो डबा हितनं, कुनाचं तरी पोर हात लावंल."

पार्वती ओसरीच्या पायरीवर बसली आणि तिनं डोळे पुसले. तात्या तिच्याकडे न बघता म्हणाले, "आता पोस्ट पक्की."

परीक्षेच्या दिवशी परीक्षक आले. मुंबईचे, रेशमी झब्ब्यातले, बोटात चष्मा फिरवणारे. माझ्या लक्ष्मीपाशी ते इतका वेळ थांबले की मला वाटलं आता आरती म्हणतात. "वा. यात आकर्षण आहे," म्हणाले. मग शेळीपाशी गेले आणि दचकले.

"हे काय आहे?"

"मेलेली शेळी, सर."

"ते दिसतंय. पण बाई, असला डबा घरात ठेवेल कोण?"

"कुनीच न्हाई, सर," पार्वती म्हणाली. "म्हनूनच."

"डब्यानं माल खपला पाहिजे. तुम्हाला मूलभूत गोष्टच कळलेली नाही." आणि त्यांनी वहीत 'नापास' असं लिहून त्याखाली जाड रेघ ओढली. आमच्या प्राचार्यांनी ते वाकून वाचलं आणि बऱ्याच वर्षांनी त्यांना वाकण्याचा आनंद झालेला दिसला.

आता मी कुठं होतो ते सांगायलाच हवं. मी शेजारीच होतो, दीड हातावर. पलूसच्या त्या म्हातारीनं माझी लक्ष्मी छातीशी धरलेली मी या डोळ्यांनी पाहिली होती. "साहेब, माझा डबा माणूस मारेल," एवढं एक वाक्य मला बोलता आलं असतं. मी मूग गिळून उभा राहिलो. परीक्षकाचा राग आला म्हणून आजवर मी शेकडो वेळा हा किस्सा तावातावानं सांगितला. त्यांच्या झब्ब्याची, चष्म्याची नक्कल करून टाळ्या घेतल्या. पण झब्बेवाल्याला तर काही ठाऊकच नव्हतं. ठाऊक मला होतं. पार्वतीनं माझ्याकडे एकदाच पाहिलं, त्या पेढ्याच्या खोक्याकडे पाहिलं होतं तसं.

पुढं ती मेढ्याच्या बाजूला एका शाळेत चित्रकलेची शिक्षिका झाली, अजून आहे. तिथल्या मुलांना चित्र काढायच्या आधी "कुणासाठी?" हे वहीच्या कोपऱ्यात लिहावं लागतं. ढाल घेऊन मी जाईन तेव्हा ती काय करणार तेही मला माहीत आहे. उलटी करून बघेल आणि हूक चुकीच्या जागी बसवलाय म्हणून चिडेल.

शिक्षिका झाली म्हणजे पास झाली. जेमतेम, काठावर; ढाल मात्र माझ्या लक्ष्मीलाच मिळाली. आणि ती जाड रेघ कशी खोडली गेली एवढं सांगून मी खाली बसतो.

संध्याकाळी, वह्यांवर शेवटच्या सह्या होण्याआधी, आमच्या कामाचं प्रदर्शन उघडलं. ते बघायला प्राचार्यांच्या पत्नी आल्या होत्या. आम्ही त्यांना काकू म्हणत असू. शिकलेल्या, वाचणाऱ्या, चांगल्या मॅट्रिक. परीक्षकांच्या हातात चहाचा कप होता, प्राचार्य त्यांना बिस्किटं पुढं करीत होते, पार्वती कोपऱ्यात आपलं सामान बांधत होती. काकू टेबलांवरून फिरत फिरत शेळीपाशी आल्या, "अगं बाई" म्हणून दोन पावलं मागे सरल्या आणि माझ्या डब्यापाशी थांबल्या. तो त्यांनी हातात घेतला. लाल अक्षरं डोळ्यांजवळ नेऊन मोठ्यानं वाचली, "विषारी." झाकण काढून आत डोकावल्या, परत लावून घट्ट बसतंय का पाहिलं. मग सगळ्या दालनाला ऐकू जाईल अशा आवाजात नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, परीक्षा आटोपली की हा डबा कुणाला देऊन टाकू नका हं, मला तुपाला हवाय."