घोड्यावरून निंदण

कोराडी रोडवर घोडेस्वारी शिकवणारे एक गृहस्थ आहेत. "मशीननं जमिनीचा जीव जाते," असं ते सगळ्यांना सांगतात. म्हणून घोड्यांच्या कुरणातलं गाजरगवत ते दर पावसाळ्यात आम्हा शहरी हौशी मंडळींकडून हातानं उपटून घेतात. याला ते श्रमदान म्हणतात. श्रम आमचे असतात आणि दान त्यांना मिळतं.

मी एकदाच गेलो. आम्ही सगळे कंबरेतून वाकलेलो, आणि हे पांढऱ्या घोड्यावर बसून छडीनं तण दाखवत होते. "खालून तुम्हाले दिसत नाही भाऊ, वरून बरोबर दिसते." छडी वळेल तिथलं आम्ही सरसकट उपटत होतो. त्यात घोड्याच्या आवडीचं मारवेल गवतही गेलं.

गाजरगवत पांढऱ्या फुलांनी भरलं होतं. हिसका दिला की बी मातीत सांडत होतं. मी विचारलं, "हे फुलावर यायच्या आधी उपटायला नको होतं का?"

ते हसले. "फुलं नसली तं फोटोत काय दिसन?"

म्हणजे पुढच्या श्रमदानाची पेरणी आम्हीच करत होतो. माझे हात तोवर खाजायला लागले होते.

तेवढ्यात घोड्यानं मान खाली घातली आणि गाजरगवत बाजूला सारून मारवेलाचा उरलेला एक झुपका शोधून काढला. त्यांनी लगाम खेचला. "शिस्तच नाही याले," ते म्हणाले.

अख्ख्या कुरणात गवत कोणतं आणि तण कोणतं, हे त्या एकट्यालाच कळत होतं. आणि लगाम नेमका त्याच्याच तोंडात होता.